कुटुंबातला उकार

"घरात पुस्तकं किती?" पाहणीवाल्या बाईंनी विचारले.

"सतरा." सुताराने नव्या फळीकडे बोट दाखवले.

"बाबा, त्यातली चौदा शेजारच्या काकूंची आहेत ना?" मुलगी म्हणाली.

सुताराने तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. आईवडील आणि मुले यांना एकत्र बसवून लिहायला-वाचायला शिकवणारा संध्याकाळचा वर्ग पुढे चालवायचा की बंद करायचा, हे या पाहणीवर ठरणार होते. आणि त्याची गाडी तर आता कुठे जोडाक्षरांपर्यंत पोहोचली होती. बाईंनी सतरावर काट मारून तीन लिहिले.

"वर्गाला जायला लागल्यापासून घरातली भांडणं? कमी, तेवढीच, की वाढली?"

"कमी," सुतार घाईघाईने म्हणाला.

शिवणयंत्र थांबवून बायको बाहेर आली. "खरं सांगा की! वाढली हो बाई, चांगली दुप्पट. हत्यारांच्या पेटीवर यांनी 'सूतार' रंगवलंय. सुतारातला सु पहिला, हे सांगून सांगून घसा बसला माझा."

"पेटी लांब आहे, म्हणून उकार लांब दिला."

"मग स्टुलावर आखूड द्याल!"

"झालं सुरू," मुलगी बाईंना म्हणाली. "आता शब्दकोश निघेल."

बाईंनी 'वाढली'समोर खूण केली. सुताराने मान खाली घातली, तशी त्याची नजर कागदाच्या छापील मथळ्यावर गेली : 'कुटूंब साक्षरता पाहणी'. तो अक्षर अक्षर जुळवत गेला आणि थबकला. कानामागची पेन्सिल आपसूक हातात आली. 'टू'भोवती एक नेटके वर्तुळ उमटले.

"अहो, छापील कागद आहे तो!" बायको ओरडली. मग वाकून पाहत हळूच म्हणाली, "पण बरोबर आहे की तुमचं."

बाई खळखळून हसल्या. शेऱ्याच्या जागी त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद सुतारापुढे धरला. "वाचा."

"व... वर्ग चालू ठेवावा." रफारापाशी तो अडखळला, पण कुणाकडे न पाहता पलीकडे गेला.

"असे अजून चाळीस कागद आहेत पिशवीत," बाई म्हणाल्या. "ती पेन्सिल द्या जरा."

"न्या ना. आणि लक्षात ठेवायला सोपं आहे, बाई," सुतार म्हणाला. "कुटुंबात दोन्ही पहिलेच. दुसरा कुणीच नाही."

"मग पेटीवरचा आधी पुसा," बायको म्हणाली.