मास्तरांची यादी

"कंबर तीस, खांदा चौदा," असं मोठ्यानं म्हणत मास्तर वहीत मापं लिहीत होते. समोर बँकेतल्या बाई हात पसरून उभ्या होत्या. तेवढ्यात शिलाई मशीनवरचा फोन थरथरला.

मुलीच्या फोनवर पहारा बसवायची बुद्धी मास्तरांना शेजारच्या इस्त्रीवाल्यानं दिली होती. "वय वाईट, मास्तर. चौदा म्हणजे काय खेळ आहे?" मग मास्तरांनी तिच्या फोनवर पहारा ठेवणारं ॲप घातलं आणि त्यात शोधायला बंदी असलेल्या शब्दांची यादी स्वतःच्या बोटानं भरली. दुकानात मापं घेताना जे शब्द दिवसभर बिनदिक्कत उच्चारायचे, नेमके तेच तीत घातले. घरात कसे चालतील? पोरीला मात्र थाप मारली, फोन जुना आहे, अडकतो.

आता स्वतःच्या फोनवर त्यांनी वाचलं: 'तुमच्या पाल्याचा अकरावा प्रयत्न अडवला. शोध: छातीत गाठ, दुखत नाही. परवानगी द्यायची?'

पोरीची आई अशाच गाठीनं गेली. तीही लाजेपायी गप्प राहिली होती, आणि डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"आलोच हं, बाई," म्हणत ते दुकानामागच्या राहत्या खोलीच्या दाराशी गेले. पोर पाठमोरी बसली होती.

"बाळा..."

"काय, बाबा?"

विचारावं तर चोरून वाचलेलं उघडं पडणार. न विचारावं तर काय, ते त्यांनी एकदा भोगलं होतं.

"अभ्यास झाला का?"

"करतेय."

मास्तर हात हलवत परत आले. निदान तिला वाचता तरी येऊ दे, असं म्हणून त्यांनी 'हो' दाबलं.

आत फोन वाजला. पोरीला काय कळवलं गेलं, ते मास्तरांच्याही फोनवर आलं: 'बाबांनी तुमचे अकराही शोध पाहून परवानगी दिली आहे.'

मग दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागली.

बाईंचे हात अवघडले होते. "मास्तर, छातीचं माप राहिलं की."

मास्तरांनी टेप धरली. आकडा स्वच्छ दिसत होता. तो काही केल्या तोंडातून फुटेना.