कोपऱ्यातल्या टेबलावरचा उजेड

"अजून जरा कमी करा," खालून म्हातारा म्हणाला. "मी साठीचा दिसलो पाहिजे."

"आत्ता किती आहात?" शिडीवरून दिवेवालीने विचारलं.

"बहात्तर."

"साठ काही जमायचं नाही. पासष्टपर्यंत आणून देते."

म्हातारा खूश झाला. तो निवृत्त मोजणीदार होता. जन्मभर जमिनी मोजलेल्या, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी सातसाठी या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवूनही त्याचं समाधान झालं नव्हतं. टेबल, खुर्ची, दिवा, सगळं तो आदल्या दिवशीच जातीने तपासायला आला होता.

"मागणी घालायचीय," तो हळूच म्हणाला. "मागच्या खेपेला इथंच विचारलं. पांढऱ्या ट्यूबखाली. ती म्हणाली, दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखं वाटतंय, नंतर बघू."

त्या ट्यूब दिवेवालीनेच काढल्या होत्या. त्यांच्याखाली गिऱ्हाईक भराभरा जेवून उठायचं. आता मालकाने तिला पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात लोक निवांत बसायला लागले नाहीत, तर ट्यूब पुन्हा वर चढणार होत्या.

रात्री जेवताना तिने हा किस्सा घरी सांगितला.

"बहात्तराव्या वर्षी?" नवरा हसला. "पोरंबाळं काय म्हणतील त्यांची!"

सासूबाई फणकारल्या. "तुझ्या त्या काळोखात मागणी घालायचा एकीला आणि हो म्हणायची दुसरीच! जेवण आहे की आंधळी कोशिंबीर?"

सुनेचं काम त्यांना कधीच पटलं नव्हतं. लख्ख उजेडात ताट दिसलं नाही तर घास उतरतो कसा, हा त्यांचा नेहमीचा सवाल.

"आणि डोक्यावर दिवा टांगू नकोस," ताट उचलता उचलता त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या चेहऱ्यावर खड्डे पडतात."

दिवेवालीने नाक मुरडलं. पण सकाळी जाऊन तिने वरचा दिवा काढला आणि बाजूच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, कापडी शेडचा दिवा बसवला. टेबलावर मऊ, पिवळा उजेड पसरला. सासूबाईंचं म्हणणं खरं निघालं, हे मात्र ती कुणाला सांगणार नव्हती.

सात वाजता ती गल्ल्यामागच्या बटणांपाशी उभी होती. कोण आलं ते तिला दिसलं नाही; मोठ्या टेबलावरचा दिवा फडफडत होता, तिचं लक्ष तिकडे. मान वर केली तेव्हा म्हातारा बसलेला होता आणि समोरची बाई उंच पाठीच्या खुर्चीआड झाकलेली.

म्हातारा काहीतरी बोलला. थांबला. रुमालाने कपाळ पुसलं.

दिवेवालीने बटण केसभर फिरवलं. उजेड थोडा खाली बसला.

म्हातारा पुन्हा बोलला. या वेळी खुर्चीआडून एक हात पुढे आला आणि त्याच्या हातावर विसावला. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की दिवेवालीला वाटलं, आपण चुकून भलतंच बटण दाबलं की काय.

आजूबाजूची टेबलंही भरलेली होती. कुणाला घाई नव्हती. मालक स्वतः येऊन म्हणाला, "बाई, ट्यूब भंगारात दिल्या."

तेवढ्यात वेटर आला. "कोपऱ्यातल्या आजींनी बोलावलंय. दिवे ज्यांनी लावले त्यांना भेटायचंय म्हणतात."

दिवेवालीने केस सारखे केले. दिवसभराचा शीण कुठल्या कुठे पळाला होता. टेबलापाशी पोहोचताच म्हातारा लगबगीने उठला.

"हो म्हणाली!" तो म्हणाला. "तुमच्या उजेडाचं फार कौतुक करतेय."

"अभिनंदन, आजोबा," दिवेवाली म्हणाली आणि हसतच खुर्चीकडे वळली.

"बस गं सूनबाई," खुर्चीतून आवाज आला, "आणि आधी मला सांग, तुझ्या नवऱ्याला हे तू सांगतेस की मी?"