लांबवलेलं सुतक

"डॉक्टरीणबाईला गेल्याचा वार कळंल का रं?" सखूबाईने लेकाला तिसऱ्यांदा विचारलं.

गोरख बंद दाराकडे नजर लावून बसला होता. भोरच्या सरकारी दवाखान्यात, दाराआड, तिच्या नवऱ्याची, ज्ञानबाची, चिरफाड चालली होती.

शनिवारी, नात स्नेहलच्या हळदीच्या सकाळी, ज्ञानबा उठलाच नाही. अंग गार पडलेलं. नाकाशी सूत धरलं, तेही हललं नाही. डॉक्टर बोलावला असता तर गावभर झालं असतं, सुतक लागलं असतं आणि रविवारचं लग्न बारगळलं असतं. पाली गावात त्यांच्या घराला लागूनच गोरखचं दुकान. मायलेकांनी म्हाताऱ्याला तिथल्या आइस्क्रीमच्या मोठ्या फ्रीजरमध्ये निजवलं. ज्ञानबाला बारा महिने कानटोपी लागायची. गोरख सोड्याचे भरलेले क्रेट आणायला गेला, तेवढ्यात सखूबाईने ती त्याच्या छातीवर ठेवली. झाकणावर क्रेट रचले. आजोबा तापाने निजलेत, असं सगळ्यांना सांगितलं.

अक्षता टाकतानाही सखूबाईने तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही.

सोमवारी बातमी फोडली. मालक आत्ताच गेले, मुंबईचे पाहुणे येईस्तोवर बर्फात ठेवलेत. मंगळवारी गोरखने त्याला बाहेर काढून ओटीवर आणलं, तेव्हा कानटोपी डोक्यावर होती, कानांखाली ओढलेली. पोराने आठवणीने घातली म्हणून सखूबाईला भरून आलं. पण दगडासारखं गोठलेलं अंग पाहून पोलीस पाटलाला संशय आला आणि रचलेली चिता तशीच राहिली.

आता शनिवार उघडा पडला, तर सुतकात लग्न लावलं म्हणून आंबवड्याचे सासरचे लोक स्नेहलला माघारी धाडणार.

डॉ. सुलक्षणा बाहेर आल्या.

"घातपात नाही, आजी. पण नक्की कधी गेले ते सांगता येत नाही. गोठलेलं शरीर सडत नाही. दोन दिवसांचं काय नि चार दिवसांचं काय, सारखंच दिसतं. तुम्ही सोमवार म्हणता, तो मला खोडता येणार नाही."

सखूबाईच्या जिवात जीव आला. पोरीचा संसार वाचला.

शिपाई भिमाने कपड्यांचं गाठोडं आणून दिलं. वरच कानटोपी होती. ती हातात घेतल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

"लई बरं केलंस बाबा, बाहेर काढताना ही त्यास्नी घातलीस."

गोरख टोपीकडे बघत राहिला.

"म्या कुठं घातली, आये? झाकण उघडलं तवा डोक्यावरच हुती."