कपासोबतचा कागद

पिंकीचा ताप एकशे चारवर गेला होता. अंगभर उन्हानं भाजल्यासारखे लाल चट्टे. नल्लकुंट्यातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर पाहिलं आणि नर्सला म्हणाल्या, "डेंगूची टेस्ट पाठवा. सलाईन जोरात सोडा."

पिंकीला हाक कळत नव्हती. उशाशी तिचे वडील श्रीपती उभे होते, बँकेच्या शिपायाच्या गणवेशात. पिंकीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात बापलेकच.

आजूबाजूच्या खाटांवर अनोळखी माणसं होती. श्रीपतींनी घसा खाकरला.

"मॅडम, लेकीची पाळी चालू आहे. ती पॅडऐवजी आत बसवायचा कप वापरते. काल दुपारपासून अंथरुणातच आहे. काढलाच नसंल."

डॉक्टरीणबाई चटकन वळल्या. पडदा ओढला गेला. कप काढला, अँटिबायोटिक सुरू झालं, पिंकीला आयसीयूत नेलं.

"टॉक्सिक शॉक," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "लाखात एखादीला होतो. जंतूंचं विष रक्तात भिनतं. तुम्ही बोलला नसता, तर आम्ही डेंगूच शोधत बसलो असतो."

चौथ्या दिवशी पिंकी उठून बसली. नर्सनं तिला सगळं सांगितलं होतं. ती वडलांकडे न बघताच म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कपाचं कसं माहीत?"

"डब्यातला कागद तू फेकून दिलतास. मी वाचला."

"तो इंग्लिशमधे होता ना?"

"हौ. मोबाइलवर एकेक शब्द बघितला. लेकरू नवीन काहीतरी वापरतंय, घरात एकानं तरी वाचावं म्हणलं. बारा तासांच्या वर ठेवायचा नाही. ताप आला, उलटी झाली, तर आधी काढायचा."

"मग मला सांगायचं ना!"

श्रीपती सलाईनचे थेंब बघत राहिले. "रोज ठरवायचो. तीन महिने झाले. तोंडच उघडंना."

सुई लावलेला हात पिंकीनं हळूच त्यांच्या हातावर ठेवला.

"डॉक्टर म्हणाल्या, आता कप नको," थोड्या वेळानं ती म्हणाली. "अजून दोन दिवस पॅड लागतील. आणता?"

"कसले?"

"मोठे. पंखवाले."

"मोठे, पंखवाले," श्रीपती म्हणाले. विसरू नये म्हणून जिना उतरतानाही ते तेच पुटपुटत होते. समोरून चढणाऱ्या बाईनं वळून पाहिलं, तरी थांबले नाहीत.