अकरा मिनिटांचं तळं

शिवणयंत्रावरचं कापड बाजूला सारून तिनं पुन्हा नकाशा पसरला, तेव्हा नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढली आणि भिंग उचललं. सकाळपासूनचा हा चौथा मार्ग. आधीचे तीन त्यानं त्याच भिंगाखाली निकालात काढले होते.

पहिल्यात घाट चढून तळ्यांकडे जायचं होतं. तर त्या घाटात सकाळी धुकं असतं. दुपारी जाऊ, ती म्हणाली. दुपारी ट्रक असतात. दुसरा मार्ग समुद्राकाठचा. तर तिथं वाळू रस्त्यावर येते आणि चाक सरकतं. तिसऱ्यात तिनं डोंगरच टाळला, तर म्हणे एवढा वळसा घालायचा तर जायचंच कशाला. सगळा नन्नाचा पाढा. एकतीस वर्षं प्रवासी बस चालवलेला माणूस. नकाशावरच्या प्रत्येक रेघेची खोट त्याला तोंडपाठ होती.

तिनं लाल दोरा घेतला. रेघ जशी वळेल तसा तो बोटानं बसवत नेला, मग सरळ ताणून टेपवर धरला. कपडे शिवणारीची मोजायची रीत. तीन तळी, एक घाट, किनाऱ्यावरची दोन गावं, सगळं मिळून आठ दिवस. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून झाले होते. लेकीनं तिची गाडी कालच दारात आणून लावली होती. आता फक्त यानं हो म्हणायचं बाकी होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

"हा घाट तुला जमायचा नाही," तो म्हणाला. "उतारावर सलग सात वळणं आहेत. नवी माणसं ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. ब्रेक तापतात."

"दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवणं वेगळं."

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याच्या दोन्ही डोळ्यांची कडेची नजर खाल्ली, त्याचा परवाना कपाटात गेला आणि त्याच महिन्यात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिनं गाडी शिकायला नाव घातलं. तेव्हापासून तो शेजारी बसायचा तो बाजारापर्यंत, हात गुडघ्यांवर घट्ट रोवून. उतरल्यावर दार जरा जास्तच जोरात लावायचा. तेही तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आज मात्र तिचा बांध फुटला. धुकं काय अन् ट्रक काय, ती म्हणाली, जगात कुठला रस्ता तुमच्या पसंतीचा आहे तो एकदाच सांगा, नाहीतर गाडी लेकीकडे परत देऊन येते आणि बसते बटणं लावत. बोलता बोलता तिनं दोरा गुंडाळायला घेतला. त्याचा गुंता झाला, तशी ती आणखीच चिडली.

त्यानं भिंग खाली ठेवलं.

"डॉक्टर त्या दिवशी तुला बाहेर बोलावून काय म्हणाले, ते मी ऐकलंय," तो म्हणाला. "जे दाखवायचं ते लवकर दाखवा म्हणाले ना? अगं, डोळे चाललेत, कान शाबूत आहेत. मला कुठं निरोप घ्यायला नेऊ नकोस."

तिचे हात थांबले. काही तरी बोलायला हवं होतं, पण खोटं बोलवेना आणि खरं त्यानंच बोलून टाकलं होतं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, उगीचच पडदा सारखा करून परत येऊन बसली.

मग तिनं विचारलं, ती तळी तरी खरंच चांगली आहेत का. म्हणजे निदान आपण कशासाठी भांडतोय ते कळेल.

"काय माहीत," तो म्हणाला.

"म्हणजे? एकतीस वर्षं जात होतात ना तिथनं?"

"जात होतो." त्यानं चेहरा नकाशाच्या अगदी जवळ नेला आणि चाचपत एका ठिकाणी बोट टेकवलं. मधलं तळं सगळ्यांत मोठं, त्यानं सांगितलं. पुलाच्या अलीकडे सुरू होतं आणि देवराईपाशी संपतं, बसला अकरा मिनिटं लागतात. ते दिसायला लागलं की उजवीकडची माणसं उठून डावीकडच्या खिडक्यांशी जायची. बस तेवढी डावीकडे कलायची, ते त्याला स्टिअरिंगमध्ये कळायचं. मागून आवाज यायचे, ते बघ, अगं ते बघ. म्हाताऱ्या माणसांचेसुद्धा.

"आणि तुम्ही?"

"माझ्यामागे बावन्न माणसं असायची. उजवीकडे दरी. मी रस्ता बघायचो."

तिनं त्याच्या बोटाखालची निळी जागा बघितली. शिवणाच्या खडूनं तिथं हलकेच एक खूण केली. मग त्याच रेघेवर पुन्हा दोरा बसवायला घेतला. तो खुर्चीत मागे टेकला, पुन्हा पुढे झाला. त्याच्यातला ड्रायव्हर काही स्वस्थ बसेना.

"तू तिथं पन्नासनं नेशील," तो कुरकुरला.

"वीसनं नेईन."

"मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून जीव घेतील."

"मारू देत," ती म्हणाली आणि दोऱ्याच्या टोकाला टाचणी टोचली.