मैथिलीचे हात

सराव मैथिली करायची आणि सामना मृदुला खेळायची. मैथिलीचे हात दिवसभर जे शिकत, ते सगळं क्लबचं एक यंत्र संध्याकाळी मृदुलाच्या हातांत उतरवायचं. आपल्याच नेमाने चेंडू बास्केटमध्ये पडताना मैथिली बाकावरून पाहायची.

“मला दुसऱ्या संघात जाऊ द्या, ताई. लातूरवाले मला मैदानात उतरवणार आहेत,” ती प्रशिक्षक सुलभाताईंना म्हणाली.

“जा की. पण शिकलेलं क्लबच्या मालकीचं. यंत्र ते पुसून घेईल. साधे टप्पेही जमणार नाहीत तुला. तिथल्या पोरी हसतील.”

“हसू देत. इथे हसायलाही कुणी माझ्याकडे बघत नाही.”

क्लब सोडू पाहणाऱ्या सगळ्यांनीच आजवर यंत्रापाशी माघार घेतली होती. मैथिलीने दोन्ही हात आत घातले.

नंतर ताईंनी हलकेच चेंडू टाकला. तो तिच्या बोटांवर आपटून भिंतीपर्यंत घरंगळत गेला.

“अजून विचार कर,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “परत भरता येईल.”

मैथिलीने धावत जाऊन चेंडू उचलला आणि ताईंकडे फेकला. तो निम्म्या वाटेतच पडला.

“पुन्हा टाका,” ती म्हणाली. “आणि आधी ते यंत्र बंद करा.”