ताटातला शिरा

"दोघांची साखर सारखीच, काठावरची," डॉक्टरीणबाई हेमांगीला म्हणाल्या. "पण रक्तातल्या बाकीच्या खुणांवरून पुढचा अंदाज येतो. यांची साखर पुन्हा नॉर्मलवर येईल. तुमची मात्र मधुमेहाकडे निघालीय."

"हिचा जिभेवर ताबाच नाही!" नवरा हसत म्हणाला. "मी बघा, रोज तासभर चालतो. गोड दोन घासांच्या वर खात नाही."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चालायला जायचा तेव्हा ती त्याच्यासाठी सॅलड चिरत असायची. तरी जेवणात त्याला गोड लागायचंच. चवीपुरते दोन घास घेऊन तो ताट सरकवायचा. अन्न टाकायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्यामुळे स्वतःचं जेवण झाल्यावर नवऱ्याच्या ताटातला शिराही तीच संपवायची.

घरी आल्यावर जेवताना त्यानं शिऱ्याचे दोन घास खाल्ले आणि ताट तिच्याकडे सरकवलं. "बास. माझं पथ्य आहे."

सवयीनं तिचा हात पुढे झाला, तसाच थांबला. मग तिनं ते ताट उचललं आणि त्याच्यासमोर आदळलं.

"गिळा! इतकी वर्षं तुमच्या वाट्याची साखर मी खाल्लीय."